दंडाला बांधायचं राहिलं

अप्पांचं ऑपरेशन फार छान झालं, असं आमच्या हुलसुरात लोक अजून सांगतात. झालंच की छान! छाती उघडली, तीन ठिकाणी नवी जोडणी केली, छाती तारेनं शिवली, आणि पुढं सात वर्षं माणूस दुकानाच्या पायऱ्या चढत-उतरत राहिला. याहून छान काय असतं? कुणी असं म्हणालं की मी मान डोलावते आणि विषय बदलते.

अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचं इंजिन, पंप आणि पाइपांचं दुकान. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालायच्या, गिऱ्हाइकाशी हिंदी-उर्दूची खिचडी. इंग्रजी तेवढी माझ्या एकटीकडं. मी बसवकल्याणला हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. थोरला भाऊ अण्णा अप्पांबरोबर दुकानात बसायचा.

एकोणीसशे ऐंशी साल उलटलं आणि अप्पांच्या छातीत कळ यायला लागली. वर्षभर त्यांनी ओवा खाल्ला, सोडा प्यायला, आणि दोष दिला तो अव्वाच्या, म्हणजे आईच्या, फोडणीला. शेवटी गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि म्हणाले, मद्रासला जा, उशीर करू नका. अव्वाला घरी ठेवून आम्ही तिघं निघालो.

मद्रासच्या सर्जननं कागदाच्या पाठीवर काळजाचं चित्र काढून दाखवलं. अप्पा बघत राहिले आणि एकदम खुलले. आयुष्य पाइपात गेलेलं! "म्हंजे तुंबलेला पाइप काढायचा न्हाई. बाजूनं नवा टाकायचा. आन् नवा कुठून आणायलेत?"

पायातली शीर काढून तीच वर जोडतात, असं मी सांगितलं.

"पायाचा पाइप? तेला काळजाचा प्रेशर सोसतंय का? इचार की."

मी विचारलं. सर्जन हसला. म्हणाला, छातीच्या आतल्या बाजूला एक रक्तवाहिनी असते, काही जण तीही वळवून जोडतात, पण त्यात वेळ जातो, मी पायाचीच घेतो, बहुतेक ठिकाणी तेच चालतं. अप्पांना मी एवढंच सांगितलं, "सोसतंय म्हणायलेत." मास्तरणीची खोड. अवघड धडा सोपा करून सांगायचा आणि पुढं सरकायचं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी नर्स यादी घेऊन आली. अंगठी काढा, करदोटा काढा, कवळी काढा. आणि गळ्यातलं ते काढा.

गळ्यातलं ते म्हणजे अप्पांचं इष्टलिंग. चांदीच्या डबीत, दोऱ्यात ओवलेलं, अगदी छातीवर. आम्हा लिंगायतांत लहानपणी एकदा ते गळ्यात आलं की अंगावेगळं होत नाही. पूजेला डाव्या तळहातावर घ्यायचं, पुन्हा गळ्यात, आणि मगच जेवायचं. माणूस गेला की त्याच्या डाव्या हातात ठेवून त्याच्याबरोबर मातीत. मधे कुठं ते खुंटीला लटकत नाही.

अप्पांनी डबीवर मूठ आवळली. "हे न्हाई निघत."

नर्सनं माझ्याकडं बघितलं. अण्णा मला व्हरांड्यात घेऊन गेला. "तूच सांग त्यान्ला. तुझं ऐकतेत." अवघड काम पुढं आलं की अण्णाला माझं शिक्षण आठवायचं, एरवी त्याला माझ्या पगाराचीही लाज वाटायची.

वाट अप्पांनीच काढली. "कापडात गुंडाळून दंडाला बांधा म्हणाव. छाती तर मोकळी होतीया न्हवं? जा, डॉक्टरला इचारून ये. ते हो म्हणले तर म्या तयार हाय, न्हाई म्हणले तर घरला जाऊ."

मी गेले. सर्जनच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. दार अर्धवट उघडं होतं, आत तो कुणावर तरी खेकसत होता. तो नाही म्हणाला तर अप्पा उठून गाडीत बसतील आणि वाटेत त्यांचं काही बरंवाईट होईल, अशी भीती मला वाटली. पुढं मी स्वतःला हेच कारण देत आले. पण खरं सांगू? मला लाज वाटली. पाइपाचं विचारलं तेव्हा तो हसला होता. आता हे इंग्रजीत कसं सांगायचं, कुठला शब्द वापरायचा, आणि तो पुन्हा हसला तर? बी.ए. झालेली बाई मी, खेडवळ दिसायचं नव्हतं मला. तेवढ्यासाठी मी दारातून मागं फिरले.

"व्हय म्हणाले, अप्पा. दंडाला बांधतेत."

"खरं?"

"खरंच."

"मग झालं तर," अप्पा म्हणाले आणि नर्सपुढं कवळी काढून ठेवली. "त्येंच्या शब्दावर झोपतो उद्या."

सकाळी अंथरुणातच पूजा करून, कपाळाला भस्म लावून, आत दंडाला बांधतील म्हणून डबी गळ्यातच ठेवून ते स्ट्रेचरवर आडवे झाले. घटकाभरानं एक नर्स बाहेर आली आणि प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाली, सही करा. आत ती चांदीची डबी होती. दोरा कात्रीनं कापलेला. सही करताना माझा हात जराही हलला नाही, हे मला आठवतं आणि स्वतःचा संताप येतो.

"हे भाईर कसं काय आलं?" अण्णा.

"डॉक्टरनं ऐनवेळी नाही म्हटलं."

हे माझं दुसरं खोटं. पहिलं निदान भीतीनं सुटलं होतं असं म्हणता येईल. हे अगदी सराईतासारखं तोंडातून निघालं. पिशवीत ठेवायचं धाडस होईना. मी दोऱ्याला गाठ मारली आणि माझ्या गळ्यात, माझ्या लिंगाशेजारी, अप्पांचं घातलं.

तिसऱ्या दिवशी अप्पांच्या तोंडातली नळी काढलेली होती. मला आत सोडलं. त्यांचा हात हळूहळू डाव्या दंडाकडं गेला. मग उजव्या. मग पट्ट्यांनी भरलेल्या छातीवर. पायाला घोट्यापासून मांडीपर्यंत टाके, छातीत तारा, आणि माणूस चाचपत होता ते दुसरंच. मग त्यांना माझ्या गळ्यातले दोन दोरे दिसले.

"म्या मेलतो व्हय गं?" ते म्हणाले.

मी रडत डॉक्टरचं नाव पुढं केलं. अप्पांनी डोळे मिटले. "लबाड निघाला. तू भुईवर ठेवली न्हाईस, बरं केलीस माय."

मला 'माय' म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत दिली असती तर चाललं असतं.

गावी आल्यावर जंगम स्वामी आले. ते म्हणाले, संकटात चालतंय. मंत्र म्हटले, भस्म लावलं, नारळ फोडला, पाव तासात सगळं शुद्ध. देवाची समजूत एवढ्यात पटली! अप्पांची पटली नाही. दुकानात पाइप घ्यायला आलेल्या माणसाला ते सदरा वर करून छातीवरचा वण दाखवायचे आणि सर्जनच्या नावानं शिव्या मोजायचे. कन्नडमधून, मराठीतून, आणि मनाचं समाधान झालं नाही तर उर्दूतून. "हात सोन्याचा हाय भाड्याचा, पन जबान न्हाई." आणि मग मला बोलवायचे. "आन् ही माझी पोर. आपल्या गळ्यात घालून बसली." मी आत जाऊन उगाच भांडी आवरायची. खाई त्याला खवखवे. असं किती वर्षं? सात. या सात वर्षांत सांगायला एक दिवस मिळाला नसेल? रोज मिळत होता.

मग कळ पुन्हा सुरू झाली. गुलबर्ग्याचे डॉक्टर म्हणाले, जिथं केलं तिथंच दाखवा. अप्पा म्हणाले, "जाऊ. पन ह्या खेपेला म्या सोता समोर बसतो, आन् तू माझ्यापुढं इचार. बघू तोंडावर कसा फिरतोय ते."

माझी पाचावर धारण बसली. जाऊ नका कसं म्हणू? जीव त्यांचा होता.

सर्जन तोच, केस तेवढे पांढरे झालेले. तपासणी झाली, त्यानं फिल्म उजेडावर धरली. तीनपैकी दोन जोडण्या बंद. पायाची शीर मुळात एवढ्या जोरासाठी नसते, म्हणाला, काही वर्षांनी ती आतून बुजत जाते. आता आम्ही छातीच्या आतली रक्तवाहिनी जोडतो, ती जास्त टिकते. दुसऱ्यांदा छाती उघडणं जोखमीचं आहे, पण करता येईल.

या वेळी मी एक अक्षर गाळलं नाही. अप्पा म्हणाले, "बघ, म्या तवाच इचारलतो. पायाचा पाइप." अण्णाकडं बघून हसले सुद्धा. मग खुर्ची पुढं ओढली. "आता ते इचार."

मी विचारलं. पाच-सहा शब्दांचं वाक्य होतं. एवढंसंच.

सर्जननं मान वर न करताच सांगितलं, हो, निर्जंतुक कापडात गुंडाळून दंडाला बांधतो. तुमच्या भागातले बरेच पेशंट येतात, पहिल्यापासून बांधत आलोय. फक्त आधी सांगत चला.

"काय म्हणाले?"

"बांधतेत म्हणाले."

"एवढं लांब बोलले की. पुरं सांग."

मी पुरं सांगितलं. अण्णानं माझ्याकडं बघितलं आणि मग खाली बघितलं. अप्पांनी सदऱ्याच्या गुंड्या लावल्या, सर्जनला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. जरा वेळ जोडलेलेच ठेवले. सर्जनला वाटलं, पेशंट आभार मानतोय.

बाहेर बाकावर मी त्यांचे पाय धरले. "अप्पा, माझं चुकलं. पण आता करून घ्या. आता खरंच बांधतेत."

"बांधतील की. त्येंचं कुठं काय चुकलं? पन म्या न्हाई करून घेत."

"मग कामून न्हाई म्हणायलाव?" अण्णा चिडून म्हणाला.

"आरं, भूल देऊन झोपवतेत ना? कुणाच्या तरी शब्दावर झोपावं लागतंय. आता कुणाच्या झोपू?"

अण्णानं दोन दिवस विनवलं. मी विनवण्याच्या लायकीची राहिले नव्हते, तरी विनवलं. आम्ही परत आलो. अप्पा दुकानात बसत राहिले, मात्र वण दाखवणं बंद झालं. कुणी मद्रासचं काढलंच तर म्हणायचे, "डॉक्टर देवमाणूस हाय." ज्वारी काढणीला आली तेव्हा एका दुपारी खुर्चीतच गेले. लिंग गळ्यातून निघालं ते डाव्या हातात, जसं निघायला हवं तसं.

मद्रासहून येताना गाडीत ते खिडकीशी बसले होते, मी समोर. बाहेर बघत म्हणाले, "सात वर्सं त्या माणसाला शिव्या घातल्या म्या. फुकट गेल्या."

मी वाट बघितली. मला वाटलं, आता माझ्या वाटणीच्या मला देतील. त्या दिवशी नाही, तर घरी गेल्यावर देतील. एक तरी द्यायची होती, अप्पा. शेवटपर्यंत दिली नाही.