ओल्या गवतावर पुढाऱ्याची घाई

मंडळी, विश्रामबागेतल्या सायबर कॅफेतून लिहितोय. राग अजून उतरलेला नाही.

आज सकाळी कुंडलजवळच्या गवताच्या धावपट्टीवरून एका पुढाऱ्याचं भाड्याचं छोटं विमान उडायचं होतं. मी हवाई दलातला निवृत्त मेकॅनिक, म्हणून मदतीला बोलावलेला. गवत ओलं होतं. "आज तिघांपेक्षा जास्त वजन नको," असं पायलट हात जोडून सांगत होता. पायलट, पुढारी आणि एक चमचा असे तिघं झालेच होते, तरी पुढाऱ्यानं आणखी एक चमचा आत कोंबला. म्हणाला, "तुला चालवायला ठेवलाय, शिकवायला न्हाई."

विमानानं जमीन सोडलीच नाही. कुंपण तोडून उसात घुसलं.

पुढारी सगळ्यात आधी बाहेर पडला आणि पळाला. मागोमाग चमचे. मी धावत पोचलो तेव्हा पायलट आतच अडकला होता, पेट्रोल गळत होतं. बांधावर वैरण कापणाऱ्या शांताबाई विळा घेऊन धावल्या. "आवं दादा, मी पट्टा कापती, तुमी वढा ह्येला!" आम्ही दोघांनी त्याला बाहेर काढलं. त्याचा पाय मोडला होता.

तासाभरात, जीव वाचला म्हणून पुढाऱ्याच्या गळ्यात हार! पोलिसांना सांगतोय, "पायलट प्यालेला हुता." वर मला म्हणतो, "फौजी, तुमी बी तसंच लिवून द्या."

मी घडलं ते लिहून दिलं. खाली शांताबाईंनी सही केली. पळालेल्यांपैकी एकाचीही सही नाही.

असल्या माणसाला तुम्ही 'साहेब' म्हणत असाल, तर नेमकं कशासाठी म्हणता?