दालमिलमधलं चष्मेवाटप

आमच्या अकोल्याच्या दालमिलच्या मालकांना यंदा दानधर्म सुचला. स्वतःहून नाही. कंपनीचा नफा फार वाढला की त्यातला थोडा भाग समाजाच्या कामी लावावा लागतो, असा कायदा आहे म्हणे. म्हणून चष्मे वाटायचं ठरलं. अमरावतीहून वकील आले, तेव्हा चहा मीच नेला. चहा देणाऱ्या बाईला कान नसतात, असं मोठ्या लोकांना वाटतं.

वकील सांगत होते, "आपल्याच कामगारांना वाटलं तर ते समाजकार्यात धरत नाहीत. त्यांच्या डोळ्यांची काळजी हे तुमचं स्वतःचं काम. बाहेरच्या गरजूंना द्या."

मालक हो हो म्हणाले. पण बाहेरचे गरजू शोधायला कोण जाणार? मिलमध्ये तूर निवडणाऱ्या आम्ही बाया आयत्याच होतो. शिबिराच्या दिवशी मुनीमजींनी, कामावर साडीवरून घालतो तो जुना शर्ट काढून यायला सांगितलं. शर्ट काढला की झालो आम्ही बाहेरच्या. मालकीणबाई फोटोसाठी एकेकीच्या नाकावर चष्मा ठेवत होत्या, बाहुलीला ठेवावा तसा.

अर्जात कामाच्या रकान्यात मुनीमजी 'घरकाम' लिहून अंगठे घेत होते. मला लिहिता येतं म्हणून माझा अर्ज माझ्याच हाती दिला. चष्मा मला हवाच होता. तूर निवडताना खडा आणि दाणा मला सारखाच दिसतो. पण घरकाम लिहिलं, तर उद्या हेच म्हणतील की ही इथे कामाला नव्हतीच. मी लिहिलं, 'दालमिलमध्ये तूर निवडते.'

दुपारी शिबिराला आलेल्या वकिलांनी अर्ज चाळले. "हा कोणाचा?"

रांगेतल्या माझ्या शेजारणीने कोपर मारलं. "सांग ना वो, तुहाच आहे ना?"

"माहा," मी म्हटलं.

"आणि या बाकीच्या?"

"समद्या इथल्याच."

मालक हसले. "वकीलसाहेब, गरीब तर आहेत ना?"

"आहेत. पण तुमच्याच आहेत. हे धरता येणार नाही."

मालकीणबाईंनी हातातला चष्मा डबीत परत ठेवला. रांगेत उरलेल्या आम्हा सगळ्यांना घरी जायला सांगितलं.

शेजारीण रस्ताभर बोलत होती. "मले भेटला असता ना आज. काहून लिहिलं तू?" तिचंही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुनीमजींना विचारलं, "कामगारायचे चष्मे कधी?"

"कामगारायले देऊन काय फायदा?" ते म्हणाले.

उरलेले चष्मे ऑफिसच्या कपाटात आहेत. दान म्हणून दाखवता येत नाहीत, म्हणून कोणालाच देत नाहीत.