एरंडेल पिणारं विमान

आमच्या घरात महिन्याला एक लिटर एरंडेल लागतं. आमच्यापैकी कोणीही ते पीत नाही. विमान पितं.

आता हे वाक्य घरोघर जाऊन सांगता येत नाही आणि सांगितलं तरी लोक 'बरं बरं' म्हणून विषय बदलतात. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

आमचे हे जयगडच्या बंदरात क्रेनच्या देखभालीवर होते. निवृत्त होऊन रत्नागिरीला घरी आले आणि आता देखभालीला क्रेन नाही म्हटल्यावर त्यांनी माझं स्वयंपाकघर हाती घेतलं. पहिल्या आठवड्यात विळीला धार लावली. ती इतकी उत्तम की भेंडीबरोबर बोट कापलं गेल्याचं मला भेंडी संपल्यावर कळलं. दुसऱ्या आठवड्यात सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या डकवून ते बाराखडीप्रमाणे मांडले. त्यामुळे अळीव आणि ओवा यांची गळाभेट झाली, पण मोहरी फळीच्या मध्यावर आणि हिंग-हळद पार खिडकीपाशी गेली. फोडणी करताना मी मोहरी टाकून हळदीपर्यंत चालत जायची, तोवर मोहरी जळलेली असायची! तिसऱ्या आठवड्यात ते घड्याळ घेऊन कुकरसमोर बसले.

"सुनंदा, तिसरी शिट्टी चौदा सेकंद उशिरा आली. वॉशर बदलायला झालाय."

"वॉशर ठीक आहे," मी म्हटलं. "समोरचा माणूस बदलायला झालाय. अहो, बाहेर पडा. वाट्टेल ते करा, पण या छपराखाली करू नका!"

त्यांना वाईट वाटलं. ते माळ्यावर चढले आणि तासाभराने बिस्किटांचा एक गंजका डबा घेऊन उतरले. आत लिंबाएवढं एक इंजिन होतं.

"कॉलेजात असताना मी यावर विमान उडवायचो," ते म्हणाले. चेहरा इतका उजळला होता की मी जळक्या मोहरीसकट सगळं माफ केलं.

हे विमान रिमोटवर उडत नाही. त्याच्या एका पंखाला दोन बारीक पोलादी तारा बांधलेल्या असतात, पन्नासेक फूट लांब. तारांचं दुसरं टोक एका मुठीला. माणसाने मूठ धरून मधोमध उभं राहायचं आणि विमान त्याच्याभोवती गोल गोल उडत राहतं. मूठ वर कलती केली की विमान वर, खाली केली की खाली. विमान फिरेल तसं माणसानेही जागच्या जागी फिरायचं. घाण्याचा बैल मधे उभा आणि घाणाच त्याच्याभोवती पळतोय, असा तो प्रकार.

"मग ते थांबवायचं कसं?" मी विचारलं.

"थांबवता येत नाही. टाकीतलं इंधन संपलं की आपोआप थांबतं."

"आणि मूठ सुटली तर?"

"विमान गेलं. तारांसकट."

"मधेच काही झालं तर?"

"मधेच काय होणार आहे?"

(हे वाक्य आयुष्यात ज्यांनी ज्यांनी म्हटलंय, त्यांची एकदा यादी करायला हवी.)

पुढचे चार महिने माझ्या संसारातले सर्वांत सुखाचे. हे पडवीत बसून कागदाइतक्या हलक्या लाकडाच्या फासळ्या कापत होते, चिकटवत होते, गुणगुणत होते. माझे कपड्यांचे चिमटे, स्वेटरची सुई, इस्त्री, पीठ चाळायची बारीक चाळणी, सगळं पडवीत गेलं. जाऊ दे गेलं! हळद मोहरीशेजारी परत आली होती. फक्त एक धास्ती होती. हे विमान पहिल्याच दिवशी मोडलं, तर हा माणूस पुन्हा कुकरसमोर येऊन बसणार. त्यामुळे त्या विमानाची काळजी त्यांच्यापेक्षा मलाच जास्त.

अडचण झाली ती इंधनाची. त्यात स्पिरिट लागतं, ते लोट्याच्या रासायनिक कारखान्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मित्राने रीतसर मिळवून दिलं. आणि इंजिनाला वंगण म्हणून लागतं एरंडेल. इंजिन नुसतं चालवून बघायलाही हे रोज सकाळी बाटली घेऊन घरामागच्या सड्यावर जायचे. ते आणायला हे बाजारातल्या आयुर्वेदिक दुकानात अण्णांकडे गेले. अण्णा जुन्या वळणाचे. पहिली बाटली त्यांनी कागदात गुंडाळून, इकडेतिकडे बघून दिली. दुसऱ्या वेळी मायेने म्हणाले, "रात्री निजताना एक चमचा. कोमट पाण्यातून."

"एका चमच्याने आमचं काही होत नाही हो, अण्णा," हे म्हणाले. "लिटरभर द्या."

संध्याकाळपर्यंत आळीला कळलं. शेजारच्या शिंदेकाकू दुसऱ्याच दिवशी झाडाची पपई घेऊन आल्या. "भावजींना दे हो. बोलायचं नाही कोणाशी, मी पण नाही बोलले." त्यानंतर रोज एक पपई. मी एका शब्दाने खुलासा करू शकले असते. पण नाही केला. (पपई फारच गोड होती.)

पपई खाऊन गप्प बसल्याची शिक्षा व्हायची होती ती झालीच. बातमी जयगडची खाडी ओलांडून गुहागरला पोचली, आणि गुहागरला आमच्या अक्का राहतात.

अक्का म्हणजे यांची थोरली बहीण. भावावर जीव, माझ्यावर लक्ष. तीस वर्षांत मी त्यांच्यासमोर मान वर करून बोललेली नाही. पाच वर्षांपूर्वी त्यांनी आमचं मोठं पितळी पातेलं गणपतीपुरतं म्हणून नेलं. पाच गणपती आले, नाचले, बुडाले, पातेलं काही आलं नाही. मी दर वर्षी ठरवते की यंदा मागायचंच, आणि दर वर्षी "अक्का, मोदक छान झालेत" एवढंच म्हणून परत येते.

तर तो मार्चमधला रविवार. आमच्या घरामागून पाऊलवाट सड्यावर जाते. वर नुसता सपाट कातळ, एक झाड नाही की झुडूप नाही. खारा वारा सुटायच्या आत उडवायचं म्हणून आम्ही नऊलाच पोचलो.

"टाकी अर्धीच भर हं," मला सिरिंज देऊन ते म्हणाले. "पहिलंच उड्डाण आहे. तीन मिनिटं पुरेत." आणि ते तारा पसरायला गेले.

आता माझा एक दोष आहे. मला अर्धं भरलेलं भांडं बघवत नाही. पाण्याचा हंडा असो, मिठाची बरणी असो, मी काठोकाठ भरते. अर्धी टाकी म्हणजे काय? मधेच संपलं तर? पुन्हा खाली कोण जाणार? मी टाकी गळेपर्यंत भरली आणि पदराला हात पुसला.

इंजिन सातव्या झटक्याला सुरू झालं. मिक्सरमध्ये सुपारी टाकल्यासारखा आवाज! हे मुठीपाशी धावले. मी कातळावर गुडघे टेकून विमान धरलेलं. त्यांनी हात वर केला, मी सोडलं, आणि ते उडालं! खरंच उडालं! चार महिने पडवीत पडून असलेली ती वस्तू सूर्यासमोरून चकाकत गेली.

सोडल्याबरोबर वाकून आत, यांच्याकडे पळायचं, असं मला दहादा बजावलं होतं. मी पळाले नाही. मी उभी राहून बघत बसले. चार सेकंदांत विमान फिरून माझ्याच डोक्याच्या दिशेने आलं. यांनी ते माझ्यावरून उचललं, पण मी जिवंत आहे की नाही हे बघायला नजर विमानावरून माझ्याकडे वळवली. नजर हलली की संपलं! आजूबाजूचा सडा गरगरायला लागतो.

"सुनंदा, धर! मला चक्कर येतेय! धर!"

मी तारांखालून वाकून मधे पोचले. त्यांनी मूठ माझ्या हातात कोंबली आणि मटकन माझ्या पायाशी बसले, डोकं दोन्ही हातांत धरून.

तर आता मी. वय चौपन्न, अंगावर सुती साडी, हातात विमान.

"मनगट हलवू नकोस! खांद्यातून!" हे खालून ओरडले. "आणि नजर काढू नकोस!"

नजरेचं मला सांगायला नको होतं. तीस वर्षं मी दूध उतू जाऊ दिलेलं नाही. दुधावर ठेवते तशी नजर मी विमानावर ठेवली, आणि काय सांगू, चक्कर नाही, काही नाही! विमान सरळ, मी सरळ, सडा तेवढा फिरतोय.

"तीनच मिनिटं काढ," हे म्हणाले. "अर्धी टाकी आहे."

मी आणखी एक फेरी घेतली.

"सुनंदा?"

"पूर्ण भरलीय."

खालून एक हुंदका आला.

नेमक्या याच वेळी अक्का सड्यावर उगवल्या. पहिल्या फेरीबोटीने खाडी ओलांडून, पिशवीत त्रिफळा चूर्ण घेऊन भावाला बघायला आल्या होत्या. घराला कुलूप. शिंदेकाकूंनी सांगितलं, "भावजी हल्ली रोज सकाळी बाटली घेऊन सड्यावर जातात हो." एरंडेल, बाटली आणि सडा! अक्कांना आणखी काही विचारायची गरज वाटली नाही.

वर येऊन त्यांनी काय बघितलं? तारा लांबून दिसत नाहीत. सकाळचं ऊन समोरून डोळ्यांवर, त्यामुळे विमानही धड दिसत नाही, नुसता भुंग्यासारखा घोंघावता आवाज. भाऊ जमिनीवर डोकं धरून बसलेला. आणि त्याच्याजवळ भावजय, केस सुटलेले, डोळे वटारलेले, एक हात पुढे ताणून गरगर फिरतेय!

अक्का तडक आमच्याकडे निघाल्या. म्हणजे विमानाच्या वाटेत! मला त्या प्रत्येक फेरीत एकदा ओझरत्या दिसत. प्रत्येक फेरीत जवळ.

"अक्का, थांबा! थांबा हो!" ऐकू जाईना. शेवटी पोटातून ओरडले, "ए बाई! खाली बस!"

अक्का जागच्या जागी थिजल्या. आपली भावजय आपल्याला 'ए बाई' म्हणणं शक्यच नाही. म्हणजे ही भावजय नव्हे! त्या तिथेच कातळावर बसल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले.

"अगो आई! आलीस का गो! कोण तू, कुठली, मला ठाऊक नाही. चुकलंमाकलं पोटात घाल!"

"हलू नको!" मी पुढच्या फेरीत ओरडले. विमान त्यांच्या पदरावरून हातभर उंचीने गेलं.

"नाही हलत, आई! माझ्या भावाला बरा कर! त्याचं पोट मोकळं कर! तुला नारळ देईन, साडी देईन!"

"अक्का, माझ्या पोटाला काही झालेलं नाही!" हे बसल्या जागेवरून क्षीण आवाजात म्हणाले.

"तू गप रे बाळ्या! मी आईशी बोलतेय! सांग आई, आणखी काय आज्ञा?"

आता माझी बाजू समजून घ्या. तीस वर्षांत पहिल्यांदा अक्का माझ्यासमोर बसल्या होत्या आणि मी उभी होते. टाकीत अजून निदान दोन मिनिटांचं इंधन. मी काही ठरवून केलं नाही. तोंडातून निघून गेलं.

"पातेलं परत आण!"

"पितळी?" अक्कांनी चाचरत विचारलं.

"पितळीच! झाकणासकट!"

"आणते आई, आणते!"

आणि इंधन संपलं. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. "मागे सर! तार सैल सोडू नकोस! हळू... आता टेकव!" हे गुडघ्यांवर रांगत सांगत होते. मी मागे मागे जात राहिले. विमान खाली आलं, कातळावर दोन उड्या मारून गडगडत गेलं आणि अक्कांच्या पुढ्यात, पदराच्या टोकावर चाक टेकवून उभं राहिलं. एक ओरखडा नाही!

हे रडत होते की हसत होते, कळेना. विमान उचलून त्यांनी अक्कांना सगळं दाखवलं: तारा, मूठ, टाकी, एरंडेल. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे हिच्या अंगात आलं नव्हतं?"

"नाही गं अक्का."

"मग पातेलं कोणी मागितलं?"

मी बराच वेळ तारा गुंडाळत राहिले.

पातेलं आठवड्याभरात आलं, झाकणासकट. आत नारळ आणि त्रिफळा चूर्ण. अक्का अजूनही माझ्याशी जरा बेताने बोलतात. न जाणो!

यांनी नंतर दोनदा मूठ धरून पाहिली, दोन्ही वेळा खाली बसले. डॉक्टर म्हणाले, कानातला तोल गेलाय, फिरू नका. विमान तर पडून राहता कामा नये. म्हणून दर रविवारी मी उडवते. हे विमान धरतात, सोडतात आणि ताबडतोब घरी जातात, कारण स्वयंपाक त्यांच्याकडे आहे. डबे पुन्हा बाराखडीप्रमाणे लागलेत. पितळी पातेल्यावर 'प' अशी चिठ्ठी आहे. परवा मी सड्यावरून येऊन साखर शोधू लागले, तर हे कुकरवरची नजर न काढता म्हणाले, "स मध्ये बघ. आणि आधी हात धू, एरंडेलाचा वास येतोय."

बोलायला मला तोंड नाही. ज्या स्वयंपाकघरासाठी मी नवऱ्याला सड्यावर धाडलं, ते त्याच्या ताब्यात देऊन मी स्वतः सड्यावर जाऊन बसलेय.

एरंडेल आणायला आता अण्णांच्या दुकानात मीच जाते. गेल्या सोमवारी शिंदेकाकू पपई घेऊन आल्या. मी सवयीने म्हटलं, "यांना देते हं."

काकूंनी माझा हात हातात घेतला. "नाही गो," त्या हळूच म्हणाल्या, "ही तुझ्यासाठी आहे."