चादरीखालचा आकडा

रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांनी मला फसवलं आणि मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला.

इतवारीत भांड्यांचं दुकान टाकण्याआधी मी उमरेडकडे बैलांच्या बाजारात दलाली करायचो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं दाबायची. जितकी बोटं तितका आकडा. दिलेला आकडा फिरवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी चहाही विचारत नाही. मी कधी फिरवला नाही. हा खेळ मी मुलीलाही शिकवला होता. कार्टून किती, गुलाबजाम किती, सगळं आईच्या ओढणीखाली ठरायचं आणि बहुतेक वेळा मीच हरायचो.

पोरीला डेंग्यू झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं आणि तिची वाचाच बसली. घरात कान किटवणारी पोरगी ट्रॉलीचं चाक वाजलं तरी दचकायची. सिस्टर सलाईनची सुई घेऊन आली तेव्हा तिने चादरीखाली माझा हात ओढला आणि डोळ्यांनीच विचारलं, किती? मी डॉक्टरांकडे पाहिलं.

"एकच," ते हसून म्हणाले.

मी तिचं एक बोट दाबलं.

चार वेळा टोचलं. पोरीने हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"काहून जी, लेकराले खोटं सांगतलं?" बायको म्हणाली. मी तसाच तावातावाने डॉक्टरांना दारात गाठलं.

"अहो, मुलांना असंच सांगायचं असतं," म्हणत ते पुढच्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त काढायचं होतं. पोरीने मुठी आवळल्या, माझ्याकडे बघेना. मी सिस्टरलाच धरलं.

"ताई, किती वेळा टोचाल? खरा आकडा सांगा."

"कसा सांगू भाऊ? शीर सापडली तर एक, नाही सापडली तर तीन."

"मग तेच सांगा ना तिले!"

"घाबरते ना लेकरू."

"अन् एक सांगून चार टोचल्यावर काय नाचते?"

सिस्टर खुदकन हसली. मी बोटांची रीत सांगितली, तशी तिने खुर्ची ओढली आणि चादरीखाली हात घातला. तीन बोटं दाबली असावीत, कारण पोरीने जोरात मान हलवली. मग चादर बराच वेळ वळवळत राहिली. शेवटी सिस्टर म्हणाली, "दोन. दोनात नाही जमलं तर मी थांबीन, मोठ्या सिस्टरले बोलावीन. पक्कं." दुसऱ्या टोचण्यात रक्त आलं. पोरगी रडली, पण हात हलवला नाही. मग दोन दिवसांत पहिल्यांदाच बोलली, "मले पोहे पाहिजे."

मी खूश. चादरीखाली हात सरकवला.

"तुमच्यासंग नाही," ती म्हणाली. "सिस्टरसंगच."

घरी येऊन महिना झाला. ताप गेला, खाणंपिणं पूर्वीसारखं झालं. सौदे मात्र आता फक्त आईशी होतात. मी आकडा सांगितला की पोरगी आधी आईला विचारते, "खरंच का वं?" आयुष्यभर बोटांवर कमावलेली पत एका हसऱ्या 'एकच'ने घालवली. डॉक्टरसाहेब, मुलांना असंच सांगायचं असतं हे तुम्हाला कोणी शिकवलं? मला नका सांगू. माझ्या घरी या, तिच्यासमोर बसा आणि तिला उत्तर द्या.