पेटीवाला न्सिया

आमच्या सुआमेच्या फिटर गल्लीत क्वाजो न्सियाला सगळे मास्टर म्हणत. मीही म्हणायचो, शेजारी नटबोल्टचं दुकान लावून बसलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण मास्टर कशाचा, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

न्सिया काही वर्षं हॅम्बर्गला होता. तिथे काय करत होतास असं विचारलं, की तो नुसता खाकरायचा. येताना मात्र त्याने टॅप आणि डायची पेटी आणली. आत लाल मखमल, त्यावर आटे पाडायची हत्यारं ओळीने निजवलेली. गिऱ्हाईक आलं की पेटी हळूच उघडायचा, जणू आत राजाचं सोनं आहे. मग डोळे मिटून बोटं फिरवायचा आणि एक टॅप उचलायचा. आटे मोजायची फणीही त्याच पेटीत होती, पण ती त्याने कधी काढली नाही. "मोजतो तो शिकाऊ," म्हणायचा, "मास्टरच्या हाताला कळतं." हाताला कळायचं ते एवढंच, की यातलं जास्त चकाकतं काय.

एका गुरुवारी अजोआ बिरागो हातगाडीवर इंजिन घालून आली. तिची मक्याची गिरणी त्या जुन्या इंग्रजी इंजिनावर चालायची. माथ्याचा एक बोल्ट निघाला होता आणि भोकातले आटे गंजाने बुजले होते. शनिवारी तिच्या सख्ख्या भावाचं अंत्यकार्य. पाहुण्यांच्या केंकेचा, म्हणजे उकडलेल्या गोळ्यांचा, मका बहिणीच्याच गिरणीत दळला नाही, तर भाऊबंद काय म्हणतील याची तिला धास्ती.

न्सियाने डोळे मिटून टॅप उचलला. बिरागोने आपला जुना बोल्ट त्या टॅपला टेकवून पाहिला.

"मास्टर, दातात दात बसत नाहीत हो. मधून उजेड दिसतोय."

"तू केंके वळ, बाई. जाडी एकच आहे ना?"

"जाडी आहे, पण दात? मामा, तुम्ही तरी बघा!"

मी पाहिलं. उजेड दिसत होता. "जुन्या इंग्रजी आट्यांचा टॅप माझ्याकडे आहे," मी म्हणालो.

"तुमचं गंजकं सामान तुमच्याजवळच ठेवा, मामा. हा जर्मनीचा आहे!"

पहिले दोन फेरे बोटांनी गेले. न्सियाने आमच्याकडे असं पाहिलं, की वाटलं आता भाषण करतोय. मग टॅप अडला. शहाणा माणूस तिथे थांबून उलटा फिरवतो. याने टॅपच्या दांड्यावर पाइप चढवला आणि त्यावर पोट टेकून जोर लावला. टक्! अर्धा टॅप भोकातच राहिला.

"तुझं इंजिनच खोटं," तो म्हणाला.

"सासूच्या वेळेपासून चाललंय, मास्टर. तुमचा हात लागेपर्यंत."

तुटका तुकडा इतका कडक, की त्याला ड्रिल लागेना. शुक्रवारी बिरागो मक्याची पाटी डोक्यावर घेऊन पलीकडच्या गिरणीत गेली. तिथली मालकीण तिची जुनी वैरीण. रांगेत उभं राहून तिचे टोमणे ऐकत बिरागोने भावाचा मका दळून घेतला.

शनिवारी न्सिया काळं वस्त्र खांद्यावर टाकून अगदी पुढे, माझ्याशेजारी येऊन बसला. केंकेचा घास मिरचीत बुडवून तोंडात टाकला आणि चारचौघांत म्हणाला, "दळण जरा जाडसर झालंय."

बिरागो वाढत होती. तिने त्याच्यापुढची ताटली उचलून माझ्यापुढे ठेवली.

"मामा, तुम्ही खा. हे उठतायत."

न्सिया उठला नाही. बोटं चाटत तो दुसऱ्या ताटलीची वाट बघत बसला.