आत बसा, दाराला हात लावू नका

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर काळोख्या उभ्या बोगद्यात लोंबकळायचं, नाहीतर वरच्या यंत्राच्या खोलीत घाम गाळायचा. घरी आले तरी फोन कानालाच. कोणी ना कोणी कुठे ना कुठे अडकलेलं असतंच. ह्यांचं ठरलेलं वाक्य आमच्या भिंतींनाही पाठ आहे: "आत बसा. दाराला हात लावू नका. पाच मिनिटांत येतो." ती पाच मिनिटं कधी संपत नाहीत. अडकलेला माणूस रडकुंडीला आला, की फोन ठेवून मलाच ऐकवणार, "नुसतं बसायचं, तेही जमत नाही लोकांना!"

कितीतरी वर्षांनी माझ्या हट्टापायी फोन घरी ठेवून आम्ही समुद्रावर गेलो. गृहस्थ वाळूत घडीभर टेकतील तर शपथ! ओहोटी होती, आतल्या एका मोठ्या खडकापर्यंत वाट उघडी पडली होती. त्यावर जाऊन उभे राहिले. मी हाका मारल्या, तर म्हणाले, "पाणी आलं की येतो. लक्ष आहे माझं."

लक्ष होतं, पण समोर. भरतीचं पाणी आधी मागच्या खोलगट जागेत शिरलं, आमच्या दोघांच्या मधे. ह्यांनी वळून पाहिलं तेव्हा परतीची वाट बुडाली होती.

जवळच एक म्हातारा जाळं सांधत बसला होता. मी त्याच्याकडे धावले. "पाण्यात होडी घाला हो!"

"खडकांत होडी फुटेल, बाई. त्या माथ्यावर पाणी चढत नाही, ओसरेल आपोआप. फक्त त्यांना उतरू देऊ नका. मधे ओढ वाईट आहे."

तोवर ह्यांनी पाय खाली घातलाच होता. घसरले, कसेबसे खडकाला बिलगून वर चढले आणि पुन्हा पँट दुमडू लागले. "पोहून येतो!" काय ओरडावं सुचेना, आणि तोंडातून निघालं ते हेच, "आत बसा! दाराला हात लावू नका!"

ते थबकले. मग मुकाट्याने खाली बसले.

दुपारभर बसले. लाट फुटली की फेसात खडकच दिसेनासा व्हायचा. मला भीती वाटत होती आणि रागही भयंकर आला होता. मधेच त्यांनी हाताने खूण केली, तू जा घरी. मी जागची हलले नाही.

पाणी ओसरल्यावर म्हाताऱ्याने त्यांना हात धरून आणलं. दात वाजत होते.

"आधी शिव्या घातल्या पाण्याला," परतताना म्हणाले. "त्याला काय त्याचं! मी कोण, कुठला. मग थकलो, आणि जरा बरंच वाटलं. आपल्या हातात काही नाही, असं कधी झालंच नव्हतं." थोडं चालून म्हणाले, "तू दिसत होतीस म्हणून बसलो. नाहीतर उडी मारली असती."

बोगदा सुटलेला नाही, फोनही नाही. परवा आमच्याच इमारतीत शेजारच्या आजी अडकल्या. ह्यांनी कामावरच्या जोडीदाराला वर यंत्राकडे पाठवलं आणि स्वतः लिफ्टच्या दाराशी फरशीवर मांडी घातली, काचेच्या पट्टीसमोर.

"आजी, वेळ लागेल हं. पण मी इथेच आहे."

मी म्हटलं, "अहो, तुम्हीही वर गेलात तर लवकर होईल ना?"

"तो करतोय," हे म्हणाले. "मी उठलो, तर त्यांना दिसेल कोण?"