अकरा मिनिटांचे लिनक्स

सोमवार, सकाळचे दहा पंचवीस. जागा सदाशिव पेठेतले आमचे वधूवर सूचक मंडळ. हजर तिघे: मंडळाच्या चालक सुमतीबाई, फॉर्म तपासणाऱ्या शैलाताई आणि मॅनेजर म्हणून मी. दसऱ्याच्या सुट्टीनंतर कॉम्प्युटर सुरू केला आणि अकराव्या मिनिटाला तो आपणहून बंद पडला. रविवारी मेळावा होता. सहाशे अठरा स्थळांची यादी शुक्रवारी दुपारपर्यंत छापखान्यात जायची होती. बाईंनी सहा महिने जपून ठेवलेले कोटेशन ड्रॉवरमधून काढले: नवीन मशीन, विंडोजसह, रुपये बत्तीस हजार पाचशे.

"तुमचं ते फुकटातलं झोपलं वाटतं," बाई म्हणाल्या.

फुकटातले म्हणजे लिनक्स. विंडोज करते तेच काम ते करते, पण परवान्याचे पैसे पडत नाहीत. पूर्वी आमच्याकडे कॉपी मारलेली विंडोज होती. मंडळ स्थळांकडून पगाराचा दाखला मागते आणि स्वतः चोरीचा माल वापरते, हे मला पटत नव्हते. माझा मेहुणा संजय विश्रांतवाडीला राहतो, सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याने सीडी दिली, मी आग्रह धरला, बाईंनी नाइलाजाने होकार दिला. काळ्या पडद्यावर, म्हणजे टर्मिनलवर, 'ग्रेप' ही आज्ञा देऊन 'सीए' लिहिले की सगळे सीए एकाखाली एक उभे. मला ते फार आवडायचे.

"शुक्रवारी यादी गेली नाही," बाई म्हणाल्या, "तर तुमचं लिनक्स आणि तुम्ही, दोघांचाही विचार करावा लागेल."

माझी मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. मी वही घेतली आणि वेळा लिहायला लागलो. पहिल्यांदा अकरा मिनिटे. लगेच सुरू केले तर तीन. अर्धा तास थांबलो की पुन्हा अकरा. पण ही अकरा मिनिटे आमच्या हाती लागत नव्हती. मशीन अचानक बंद पडले की पुढच्या वेळी लिनक्स आधी सगळी डिस्क तपासते. त्याला सहा मिनिटे. सुरू व्हायला चार. कामाला उरते एक.

या एका मिनिटात आम्ही दोन दिवस मंडळ चालवले. पहिल्या तीन मिनिटांत मी सगळी स्थळे फ्लॉपीवर उतरवून घेतली. नंतरची मिनिटे गिऱ्हाइकांना. मंगळवारी सहस्रबुद्धे नावाचे गृहस्थ मुलीसाठी आले. त्यांना पंचवीस मिनिटे बाकावर बसवले, मग एकदम हाक मारली.

"अपेक्षा बोला!"

"मुलगा कसा, सुस्वभावी, निर्व्यसनी, घरात वातावरण..."

"आकड्यात सांगा. चाळीस सेकंद राहिलेत."

"अहो, पण मुलीच्या आईला विचारून..."

"तीस."

"पाच फूट आठ! सीए! पुण्यात घर!" ते ओरडले.

चार नावे आली. पाचवे येताना पडदा काळा झाला. सहस्रबुद्ध्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "गेली तीन वर्षं आम्ही घरी चर्चा करतोय. इतकं स्पष्ट कधी झालं नव्हतं." शैलाताईंचे मत पडले की हीच पद्धत कायम ठेवावी.

संजय फोनवर म्हणाला, "दाजी, डिस्ट्रो बदला."

डिस्ट्रो म्हणजे डिस्ट्रिब्यूशन. लिनक्स तेच, पण वेगवेगळे लोक आपापल्या पद्धतीने बांधून देतात, जसा चिवडा प्रत्येक दुकानाचा निराळा. बुधवारी मी दुसरे डिस्ट्रो टाकायला घेतले. एकतीस टक्क्यांवर मशीन बंद. तिसरे घेतले. सत्तावीस टक्के. चौथे असे होते की ते डिस्कवर टाकावेच लागत नाही, सीडीवरूनच चालते. तेही चालले, अकरा मिनिटे.

"मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच, बघावा लागेल," संजय म्हणाला.

"चौघांनी ठरवून एकाच मिनिटाला मान टाकली?"

"ओपन सोर्स आहे, दाजी. काहीही होऊ शकतं."

गुरुवारी सकाळी बाईंनी कसबा पेठेतून पाटणकरांना बोलावले. मशीन त्यांच्याच दुकानातले होते. त्यांनी पडदा पाहिला आणि स्क्रूड्रायव्हर परत खिशात ठेवला.

"लिनक्स? मग मी हात लावत नाही. आम्ही दिलं तेव्हा व्यवस्थित होतं. तुमच्याकडे आल्यावर काय झालं, ते तुमचं तुम्ही बघा."

बाईंनी मान डोलावली. असली वाक्ये त्यांना लग्नानंतर वर्षभराने दोन्हीकडून ऐकायची सवय आहे.

पाटणकर गेले. मी वही उघडली. चार डिस्ट्रो, सगळ्यांत समान गोष्ट अकरा मिनिटे. मग लिनक्स नसतानाच मोजावे. मशीन सुरू होताना एक कळ दाबली की सेटिंगचा निळा पडदा येतो, तिथे अजून विंडोजही नसते आणि लिनक्सही. मी तिथेच बसून राहिलो. एका ओळीत प्रोसेसरचे तापमान दिसत होते. बावन्न. एकसष्ट. चौऱ्याहत्तर. नव्वदला मशीन बंद. अकरावे मिनिट.

"बाई, लिनक्स निर्दोष आहे," मी म्हणालो आणि झाकण काढले.

प्रोसेसरवर त्याला गार ठेवणारा छोटा पंखा असतो. तो हलत नव्हता. त्याच्या पात्यांत झेंडूच्या पाकळ्या होत्या, हळद होती आणि कुंकवात भिजून वाळलेल्या अक्षता होत्या. चिमट्याने काढून मोजल्या. त्रेचाळीस. एक पाते तुटले होते.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी शैलाताई कॉम्प्युटरच्या डब्याला वरूनच हळदकुंकू लावून मोकळ्या होत होत्या. मीच त्यांना थांबवले होते. पत्र्याची पूजा कसली करता, शस्त्र म्यानातून काढून पुजतात, असे सांगून झाकण मी स्वतः उघडून दिले होते. चार स्क्रू.

"माझ्या अक्षता तिथवर गेल्याच नसतील," बाई म्हणाल्या. "मी लांबून टाकल्या."

"मी तीनच टाकल्या," शैलाताई म्हणाल्या.

"म्हणजे उरलेल्या चाळीस माझ्या?" मी विचारले.

"अहो, तुम्ही मूठभर टाकलीत. भाव तसाच होता तुमचा."

पाटणकरांचे दुकान एक ते चार बंद असते, म्हणून मी सव्वाबाराला चालत निघालो. नवा पंखा बसला, लिनक्स आणि फ्लॉपीवरची स्थळे परत टाकली आणि मशीन सलग सव्वासहा तास चालले. शुक्रवारी पावणेबाराला यादी छापखान्यात गेली, सहाशे अठराच्या सहाशे अठरा. कोटेशन परत ड्रॉवरमध्ये गेले आणि माझी नोकरी राहिली. घेण्यासारखा धडा एवढाच की यंत्राची पूजा जरूर करावी, झाकण लावून करावी.

व्हाउचर मी लिहिले: पंखा एक नग, रुपये एकशे पंच्याहत्तर, पाटणकर यांस रोख. कारणाच्या रकान्याशी माझे पेन थांबले. बाईंनी ते माझ्या हातातून घेतले आणि लिहिले, 'नैसर्गिक झीज'. मी खाली सही केली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत खोट्या व्हाउचरवर माझी तेवढी एकच सही आहे.